हशाचा धनी कोण?

साशंक: शुक्रवारी दुपारी दोहातल्या कुठल्याही मराठी घरी जा. जेवणं आटोपलेली असतात, मुलं गालिच्यावर पसरलेली असतात आणि टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागलेला असतो. चित्रपट १९८८ चा. सुट्टीतले चार आठवडे सोडले तर महाराष्ट्रात कधी न राहिलेली मुलंही त्यातली वाक्यं नटाच्या आधी म्हणून टाकतात. अशोक सराफ दिसले की लहानथोर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘मामा’. हे प्रेम खरं आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. त्या प्रेमातून आपण जो निष्कर्ष काढतो, त्यावर आहे. लोक पोट धरून हसले म्हणजे कारकीर्द सार्थकी लागली, असं आपण धरून चालतो. या माणसाने अडीचशेच्या घरात मराठी चित्रपट केले. त्यातले पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहावेत असे किती निघतील? १९७८ मध्ये विजया मेहतांनी अनिल बर्वे यांचं ‘हमीदाबाईची कोठी’ बसवलं, तेव्हा त्यातला लुक्का उभा करणारा हाच नट होता. ते नाटक हसवणारं नव्हतं. एवढी ताकद अंगात असलेल्या माणसाची ऐन उमेदीची वर्षं पुढे पाठलाग, वेषांतर आणि गैरसमज यांत गेली. मला ती उधळपट्टी वाटते. आपल्या हशाने ती झाकली गेली, एवढंच.

रसिक: तुम्ही चित्रपट मोजता, म्हणून तुमचा हिशेब चुकतो. नायकाची कारकीर्द चित्रपटांनी मोजावी, कारण चित्रपट त्याच्या नावावर लागतो आणि त्याच्या नावावर पडतो. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला चित्रपट येतच नाही, प्रसंग येतो. तेवढ्यात त्याने एक पुरा माणूस उभा करायचा असतो, त्याच्या धंद्यासकट, बोलीसकट, चालीसकट. १९७५ चा ‘पांडू हवालदार’ घ्या. तो दादा कोंडक्यांचा चित्रपट. नाव त्यांचं, प्रेक्षक त्यांचा, हशा त्यांचा. दादांच्या शेजारी उभं राहायचं आणि तरी सखाराम हवालदार म्हणून लोकांच्या लक्षात राहायचं, हे काम किती अवघड असेल याचा विचार करा. दोन वर्षांनी ‘राम राम गंगाराम’मध्ये तोच नट म्हमदू खाटीक झाला. एक सरकारी वर्दीतला, एक बाजारातला. दोघांना शेजारी उभं केलं तर ते एकमेकांना ओळखणार नाहीत. नटाची बँक अशी प्रसंगा-प्रसंगाने भरत जाते. आणि बँकेचा शब्द मी सहज काढला नाही. स्टेट बँकेत नोकरी करत करत या माणसाने जवळजवळ दहा वर्षं नाटकं केली. इथे कतारमध्ये दिवसभर कंपनीत राबून रात्री मंडळाच्या एकांकिकेची तालीम करणाऱ्यांना त्या वर्षांची किंमत कळते.

साशंक: मला कळते, म्हणून तर तळमळून बोलतो. सखाराम हवालदार आणि म्हमदू खाटीक ही दोन्ही माणसं सत्तरच्या दशकातली आहेत. ती जमिनीतून आलेली होती, त्यांना गाव होतं, पेशा होता. ऐंशीच्या दशकात काय झालं? सरकारची करपरताव्याची योजना होती. मराठी चित्रपटावर गोळा झालेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, पण त्याने पुढचा चित्रपट काढला तर. हेतू उत्तम होता आणि त्या योजनेने मराठी चित्रपट जगवला, हे मी नाकारत नाही. पण तिच्यामुळे पुढचा चित्रपट लवकर आणि स्वस्तात उरकण्याची घाईही आली. लेखनाला वेळ नाही, मोठ्या चित्रीकरणाला पैसा नाही. मग हमखास काय चालतं? अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची जोडी. दोघांच्या तारखा मिळाल्या की निर्माता निर्धास्त. पटकथेत जिथे भगदाड असेल तिथे हे दोघं उभे राहतील आणि हशाने ते बुजवतील, असा तो व्यवहार होता. भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्याचं कौतुक मीही करतो. पण भिंतच कच्ची असेल तर गिलाव्यावर आयुष्य घालवलेल्या कारागिराबद्दल मला वाईट वाटतं.

रसिक: गिलावा आणि भिंत अशी फारकत विनोदात करता येत नाही. १९८५ च्या ‘धुमधडाका’तला तो खोटा श्रीमंत म्हातारा आठवा. पाइपचा झुरका घेतला की त्याला ठसका लागतो, आणि त्या ठसक्यातूनच त्या माणसाचं सगळं सोंग उभं राहतं. ते उद्गार कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाहीत, तरी चाळीस वर्षं ते घराघरांत बोलले जातात. तो ठसका कागदावर लिहिता येतो का? लिहिला तरी वाचून हसू येईल का? तो नटाच्या श्वासात असतो. ज्याला तुम्ही भगदाड बुजवणं म्हणता, ते मला लेखनच वाटतं, फक्त ते शाईने केलेलं नाही. आपल्या तमाशात तर ही रीतच होती. वगाची गोष्ट ठरलेली असायची, संवाद पुष्कळदा उभ्याउभ्याच घडायचे. बतावणीत सोंगाड्या समोरच्याचं बोलणं ऐकून, फडासमोर बसलेल्या माणसांचा अंदाज घेऊन वाक्य टाकायचा. त्याला कुणी कच्च्या लेखनाचा बळी म्हटलं नाही. तो त्या खेळाचा अर्धा लेखक होता.

साशंक: बरं झालं तुम्ही सोंगाड्याचं नाव काढलंत. सोंगाड्या नुसता हसवत नव्हता. तो राजाला राजा म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात त्याचा मुकुट वाकडा करायचा. शाहीर जे गाऊ शकत नव्हता, सरदार जे बोलू शकत नव्हता, ते बोलण्याची मुभा त्याला होती. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून दादा कोंडके पुढे आले, त्या वगात हे बळ होतं. त्याच वसंत सबनीसांनी ‘बनवाबनवी’चे संवाद लिहिले. मला सांगा, त्या दोन कामांच्या मधल्या वाटेवर मुभा कुठे सांडली? चित्रपटात भाड्याची खोली आहे, घरमालक आहे, साडी नेसलेले पुरुष आहेत. प्रश्न कुणाला विचारला? सराफांची रंगभूमीवरची सुरुवातच शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’तल्या विदूषकापासून झाली. विदूषक म्हणजे राजाच्या कानाशी बोलणारा माणूस. तिथून निघालेला नट घरमालकाला चुकवत जिना चढतो, एवढ्यावर आपण समाधान मानायचं का?

रसिक: घरमालकाला चुकवत जिना चढणं तुम्हाला क्षुल्लक वाटतं, कारण तुम्ही आज स्वतःच्या करारावर, कंपनीच्या घरात राहता. पहिल्यांदा दोहात आलात तेव्हा कसे राहिलात? एका खोलीत चार खाटा, प्रत्येकाचं कपाट वेगळं, कुटुंब आणायचं तर पगाराची अट, आणि घरी फोन करताना सगळं छान चाललंय असं सांगायचं. जागेसाठी सोंग घेणारे चार तरुण हा विषय हलका नाही. त्या चित्रपटाचा मूळ सांगाडा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मधला, पण मराठीत तो रुजला, कारण गावाकडून पुण्या-मुंबईत येऊन खोली शोधण्याचा अनुभव लाखो घरांत होता. आता त्यातलं सराफांचं काम नीट पाहा. सचिन आणि लक्ष्मीकांत साड्या नेसून वावरतात, म्हणजे हशाची साधनं त्यांच्याकडे आहेत. सराफांच्या धनंजय मानेकडे कसलंच साधन नाही. तो साधा शर्ट-पँटमधला माणूस आहे. बाकीच्यांचं सोंग कोसळू नये म्हणून एकावर दुसरी थाप रचत जाणं एवढंच त्याचं काम. सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार समोर उभा असताना त्याचे डोळे आधी दाराकडे जातात, मग मित्रांकडे, आणि मग तोंडातून थाप बाहेर पडते. हशा थापेवर येतो, पण तो तयार होतो त्या डोळ्यांच्या फेरीत. घाबरलेला माणूस शहाणपणाचा आव आणतो, ही त्या भूमिकेची व्यथा आहे. ती व्यथा दिसली नाही, तर तो दोष नटाचा नाही.

साशंक: हे तुम्ही छान दाखवलंत, आणि ‘बनवाबनवी’पुरतं मी मान्य करतो. पण एका उत्तम उदाहरणावरून मी अडीचशेंना माफी देणार नाही. आणि मी सराफांविषयी बोलतो तेव्हा माझ्या मनात दुसरा चेहरा असतो, लक्ष्मीकांत बेर्डे यांचा. ‘टुरटुर’सारख्या नाटकातून आलेला, चपळ, ताजा नट. १९९२ मध्ये त्याला ‘एक होता विदूषक’ मिळाला. पु. ल. देशपांड्यांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी. तमाशातला सोंगाड्या चित्रपटातला तारा होतो आणि मग राजकारणाच्या व्यासपीठावर त्याचा हशा वापरला जातो, अशी ती गोष्ट. म्हणजे आपण आत्ता ज्या प्रश्नाशी झटतो आहोत, तो प्रश्न लक्ष्मीकांतने स्वतःच्या अंगावर घेऊन मांडला होता. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्या चित्रपटाला मिळाला. प्रेक्षक मात्र गेले नाहीत. लक्ष्या गंभीर झालेला त्यांना नको होता. हिंदीने तर त्याला ‘मैंने प्यार किया’पासून ‘हम आपके हैं कौन’पर्यंत नायकाचा मित्र आणि घरातला नोकर याच चौकटीत ठेवलं. २००४ च्या डिसेंबरात तो गेला, तेव्हा वय अवघं पन्नास. त्याच्या आयुष्यात असा दुसरा चित्रपट आला नाही. सांगा, हे कुणाच्या खात्यावर मांडायचं?

रसिक: हा प्रश्न मला टोचतो, आणि त्याला झटपट उत्तर देणार नाही. पण एक गोष्ट आधी वेगळी काढू. ‘एक होता विदूषक’ न चालणं हे दुःख आहे. त्यावरून लक्ष्मीकांतचं बाकीचं काम हलकं ठरवणं हे दुसरं दुःख होईल. तुमच्या बोलण्यात एक गृहीत आहे. विनोदी भूमिका म्हणजे बालवाडी, आणि गंभीर भूमिका म्हणजे पदवी. पदवी मिळाली नाही म्हणून विद्यार्थी वाया गेला. आपले पुरस्कारही याच समजुतीवर चालतात. दिलीप प्रभावळकर पाहा. दूरदर्शनवरचा चिमणराव त्यांचा, ‘हसवाफसवी’तल्या सहा भूमिका त्यांच्या, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा त्यांचे. अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो २००६ च्या कामासाठी, आणि त्यात ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी होते. मला ते गांधीजी आवडतात. पण त्या गांधीजींचा मिस्कील थांबा, उत्तर देण्याआधी समोरच्याला क्षणभर ताटकळत ठेवणं, हे कुठून आलं? ते चिमणरावाच्या तालमीतून आलं. विनोदाने शिकवलेलं कसब गंभीर भूमिकेत गेल्यावरच आपण त्याला मानपत्र देतो.

साशंक: पण तुम्ही याचं उलटंही पाहा. सराफांनी गंभीर भूमिका केल्याच नाहीत असं नाही. १९८९ चा ‘कळत नकळत’ आहे, १९९१ चा ‘चौकट राजा’ आहे, १९९४ चा ‘वजीर’ आहे, २००५ चा ‘एक उनाड दिवस’ आहे. या चित्रपटांत ते हसू हातात धरून ठेवतात, वाटत नाहीत. शुक्रवारी दुपारी यातला एक तरी कुठल्या घरी लागलेला पाहिलात का? मी या देशात बारा वर्षं आहे, मी पाहिला नाही. म्हणजे नटाने दार उघडलं होतं, आपण आत गेलो नाही. म्हणून उधळपट्टी झाली म्हणताना मी नटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. निर्मात्याला करतो आणि स्वतःला करतो. आता दुसरा मुद्दा काढतो, आणि तो याच देशातला आहे. घानिम अल-सुलैती हे नाव इथल्या कुणाही कतारी सहकाऱ्यापाशी काढा, त्याचा चेहरा लगेच खुलतो. कतारचं दूरदर्शन १९७० चं, इथलं राष्ट्रीय नाट्यगृह १९८२ चं. म्हणजे सगळी परंपरा एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढी कोवळी. त्या छोट्याशा देशात हा विनोदी नट नुसता मिळेल ती भूमिका करत बसला नाही. तो स्वतः लिहितो, स्वतःची नाटकं उभी करतो. ऐंशीच्या दशकातली त्याची ‘फायेज अल-तूश’ ही मालिका लोकांना अजून आठवते. आमच्याकडे कोट्यवधी प्रेक्षक, पावणेदोनशे वर्षांहून जुनी रंगभूमी, आणि आमचा सगळ्यात लाडका विनोदी नट दुसऱ्याने आणून दिलेल्या कागदावर अवलंबून. असं का व्हावं?

रसिक: तुलना चांगली आहे, पण ती शेवटपर्यंत ओढून पाहू. २०१७ च्या जूनमध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली. आपल्यालाही ते दिवस आठवतात. दुकानातली दुधाची रिकामी फडताळं, मग तुर्कस्तानातून आलेले डबे, विमानांच्या बदललेल्या वाटा. त्या काळात घानिम यांनी टीव्हीवर आणि रंगमंचावर त्या संकटावरच विनोद केला, आणि इथली माणसं खळखळून हसली. आता तुमचाच निकष लावते. सोंगाड्याने राजाचा मुकुट वाकडा करायचा असतो ना? इथे नट आपल्या देशाच्या बाजूने उभा राहून बाहेरच्यांना हसला. ते धैर्य होतं की कर्तव्य होतं? ‘एक होता विदूषक’मधला प्रश्न तर हाच आहे, हशा कुणाच्या व्यासपीठावर उभा आहे. म्हणजे स्वतः लिहिणारा, स्वतःच्या पायावर उभा असलेला नटही त्या प्रश्नातून सुटत नाही.

साशंक: सुटत नाही, मान्य. पण घरात घुसमट असताना घरच्यांना हसवणारा माणूस मी कमी लेखणार नाही. कोंडीत सापडलेल्या समाजाला पहिला मोकळा श्वास पुष्कळदा विनोदी नटच देतो. माझं म्हणणं इतकंच आहे की घानिमसारख्याने तो विषय स्वतः निवडला. निवड असली की जबाबदारीही त्याच्याकडे येते, श्रेयही येतं, आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर तेही त्यालाच झेलावं लागतं. आमच्या नटांना निवडच कमी मिळाली, म्हणून त्यांचं यश कुणाचं आणि अपयश कुणाचं हेच ठरत नाही.

रसिक: निवडीचा मुद्दा मी लिहून ठेवते, पण त्याला जोडून दुसरी आठवण सांगते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुवेतचे अब्दुलहुसेन अब्दुलरझा गेले. १९७७ ची ‘दर्ब अल-झलक’ ही त्यांची मालिका सगळ्या आखाताने पाहिलेली. सरकारने घर घेतल्यावर अचानक हाती पैसा आलेले दोन भाऊ आणि त्यांचे एकामागून एक बुडणारे धंदे. तेलाच्या पैशाने झपाट्याने बदललेल्या समाजाने त्या भावांत स्वतःला पाहिलं. ते गेले तेव्हा सीमा बंद होत्या, नातेवाईक दोन बाजूंना अडकले होते. तरी दोहा, रियाध, मनामा, कुवेत सगळीकडे एकाच माणसासाठी डोळे ओले झाले. ही ताकद कुठल्या एका महान भूमिकेची नव्हती. वर्षानुवर्षं घराघरांत येत राहिलेल्या, ओळखीच्या झालेल्या एका चेहऱ्याची होती. तुम्ही ज्याला पुनरावृत्ती म्हणता, तिच्यातूनच असं नातं तयार होतं. आणि एक शब्दाची गंमत पाहा. इथल्या अरबी बोलीत मजेशीर देखाव्याला, ज्याच्याकडे बघून हसू यावं अशा प्रकाराला, थोड्या वेगळ्या उच्चाराने ‘तमाशा’च म्हणतात. अमिरातीत त्या नावाची विनोदी मालिकाही झाली. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आलेला हा शब्द. आपल्याकडे तो फडावर गेला आणि त्याला सोंगाड्या मिळाला.

साशंक: शब्द परतला, आनंद आहे. पण ओळखीचा चेहरा होण्याला एक किंमत असते, ती तुम्ही सांगितली नाही. ओळखीच्या चेहऱ्याकडे आपण पाहणं सोडतो. घरातल्या माणसाला रोज बघतो आणि त्याचे केस कधी पिकले ते आठवत नाही. सराफांना मामा म्हणून आपण घरातलं केलं, आणि मग घरच्या माणसाशी वागतो तसं वागलो. आजही कुठे भेटले तर लोक त्यांच्याकडे काय मागतात? एखाद्या जुन्या वाक्याची फर्माईश. त्यांनी ‘मी बहुरूपी’ या नावाचं आत्मकथन २०२२ मध्ये दिलं. बहुरूपी! म्हणजे आज पोलीस, उद्या फकीर, परवा आणखी कुणी होऊन दारात उभा राहणारा. नट स्वतःला बहुरूपी म्हणतो आहे, आणि आपण त्याला एकाच रूपात उभं राहा म्हणून सांगतो आहोत. आपण परदेशातले लोक यात जास्त दोषी आहोत. इथे आल्यावर आपलं महाराष्ट्रातलं घड्याळ ज्या वर्षी थांबलं, त्या वर्षात आपण त्यालाही थांबवलं.

रसिक: हे खरं आहे, आणि ते मलाही लागू पडतं. मी नव्वदच्या दशकात इथे आले. सुट्टीहून परतताना सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी व्हिडिओ कॅसेट असायच्या. एक कॅसेट पाच घरं फिरायची, परत यायची तेव्हा तिच्यावर रेघा उमटलेल्या असायच्या. मग उपग्रह वाहिन्या आल्या, आणि १९९५ पासून ‘हम पांच’मध्ये तेच सराफ आनंद माथुर झाले. पाच मुली, दुसरी बायको, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी पहिली बायको. तसबिरीशी बोलताना ते कसे ऐकायचे, ते पाहण्यासारखं होतं. समोर माणूस नाही, चौकट आहे, तरी नजर ऐकणाऱ्याची. माझ्या शेजारची मल्याळी बाईसुद्धा हसायची, तिला हिंदी फारसं येत नव्हतं. पण तुम्ही म्हणता तसं झालं आहे. कॅसेट होती तेव्हा निदान पूर्ण चित्रपट बघावा लागायचा. आता फोनवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा येतो, आपण हसतो, पुढे पाठवतो. हशा फुटतो तो त्या अर्ध्या मिनिटात, पण तो शिजतो आधीच्या दहा मिनिटांत. शिजवण्याचं काम आपण बघणंच सोडलं. प्रसंग मोजा असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. आता वाटतं, प्रसंग नुसता कापून घेतला तर तोही उरत नाही. त्याला चित्रपटाचं अंगण लागतं.

साशंक: मग माझ्याही बाजूची दुरुस्ती करतो. गंभीर भूमिका मिळाल्या नाहीत, म्हणून कारकीर्द वाया गेली, असं मी म्हणत होतो. धनंजय मानेच्या डोळ्यांबद्दल तुम्ही बोललात तेव्हा लक्षात आलं की मी तो चित्रपट वीस वेळा पाहिला आणि ते डोळे एकदाही पाहिले नाहीत. मी वाक्याची वाट पाहत होतो. म्हणजे वाया काही गेलं असेल, तर ते माझ्या पाहण्यातही गेलं. पण एक प्रश्न मी सोडणार नाही. गायकाच्या मैफिलीची चर्चा होते, कुठली जागा कशी घेतली यावर लोक रात्र रात्र बोलतात. विनोदी नटाच्या थांब्यावर, त्याच्या नजरेवर, त्याच्या चुकलेल्या पावलावर कुणी असं बोलतं का? २०२३ चा महाराष्ट्रभूषण मिळाला, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही हक्काचे होते. पण ते लोकप्रियतेला मिळाले की कसबाला? कसबाला द्यायचे तर आधी त्या कसबाची भाषा हवी. ती आपल्याकडे तयारच झालेली नाही. आणि भाषा नसली की निर्मात्यालाही कळत नाही की या माणसाकडे आणखी काय मागायचं.

रसिक: ती भाषा समीक्षकच तयार करतील असं नाही. गाण्याची भाषा आधी बैठकीत तयार झाली, पुस्तकात नंतर गेली. पण तिथेही मला भीती वाटते. विनोदावर फार बोललं की तो कोमेजतो. लहान मुलं वाक्य नटाच्या आधी म्हणतात, त्यात एक निर्मळ आनंद आहे. त्यांना मी डोळ्यांची फेरी समजावू लागले, तर ती हसायची थांबतील का? नटाला दाद मिळावी म्हणून मी त्याच्याकडून हशाच काढून घेतला, असं तर होणार नाही ना?

साशंक: कदाचित होईल. कदाचित दोन वेगळी हसणी असतील. एक लहान मुलाचं, वाक्य येण्याआधीचं. एक मोठ्या माणसाचं, ज्याला त्या वाक्यामागची भीती कळली आहे, आणि तरी हसू आलं आहे. दुसरं हसू मला अजून नीट जमत नाही. पुढच्या शुक्रवारी माझ्या घरी ‘एक होता विदूषक’ लावू. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये फोन नाही. किती माणसं शेवटपर्यंत बसतात ते पाहू.

रसिक: लावा. पण त्यानंतर ‘बनवाबनवी’ही लावा, त्याच बैठकीत. आधी विदूषक रडताना पाहायचा आणि मग त्याच लक्ष्मीकांतला साडी सावरत जिना उतरताना पाहायचं. मी लोकांकडे बघत बसणार आहे. तेव्हा कुणाला हसू येतं, कुणाला येत नाही, आणि ज्याला येतं त्याच्या हसण्याचा आवाज नेहमीचाच असतो की बदललेला, ते मला ऐकायचं आहे.

साशंक: आणि कुणीच हसलं नाही तर?

रसिक: तर मला उत्तर द्यावं लागेल. आणि सगळे नेहमीसारखेच हसले, तर तुम्हाला.